नव्या मॅडमचं मशीन

"सर, तुम्ही पक्षपात केलात. आणि तो सगळ्या वर्गादेखत केलात."

जुन्या बाई ऑफिसात येऊन बसल्यासुद्धा नाहीत. संस्थेचे सर चहात बिस्किट बुडवत होते. ते तुटून कपात पडलं.

"अकरा वर्षं इथे बेकिंग शिकवते मी. शेकडो लोकांना हाताने बटर फेटायला शिकवलं. खांदा कामातून गेला. मागितलं काय, तर एक स्टँड मिक्सर. तो आला, आणि तुम्ही उचलून दिला परवा आलेल्या पोरीला."

"तिचा वर्ग मशीनचा आहे, बाई."

"आणि माझा गाढवांचा?"

सरांनी कप तोंडाला लावला. खुर्चीवर बसलेल्यांचं हे ठरलेलं असतं. उत्तर नसलं की चहा संपता संपत नाही.

त्या पोरीला सगळे मॅडम म्हणायचे. या मात्र बाईच राहिल्या. मॅडमच्या ओट्यावर लालभडक मिक्सर, बाईंच्या हातात लाकडी डाव. बाईंच्या वर्गातले लोक "जरा बघून येतो" म्हणून पलीकडे जायचे ते तिकडचेच व्हायचे. बाई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, दोन्ही ओव्हन तापवायच्या. त्याचं कुणाला काही नव्हतं.

पण महिना उलटायच्या आत मॅडमचे केक बिघडू लागले. भांड्याच्या तळाला बटर तसंच, केकला मध्ये खड्डा, कापला की आत साखरेचे खडे. मेकॅनिक आला. त्याने मिक्सर रिकामाच चालवून पाहिला आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. हात कुणाचा आहे ते बघा."

वर्गातले निवृत्त कंडक्टर काका म्हणाले, "मॅडम, पॅसेंजर चढायच्या आत घंटी मारताय तुम्ही."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"शिकेल हळूहळू," त्या म्हणाल्या. "मी कशाला बोलू? त्या मशीनला मी अजून बोटसुद्धा लावलेलं नाही."

शनिवारी सरांनी दोन्ही वर्ग एकत्र बोलावले. "बाई, आज या मशीनवर तुम्ही करून दाखवा. जमलं, तर मशीन तुमचं आणि हा वर्गही तुमचा."

मॅडम बाजूला झाली. डोळे लाल होते. "घ्या बाई. माझ्याने नाही होत."

बाईंनी ॲप्रनच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मिक्सरचं डोकं वर उचललं आणि फेटणाऱ्या बीटरची उंची ठरवणारा, मानेतला बारीक स्क्रू फिरवला. मग बटर घातलं, साखर घातली, डोकं खाली केलं, बटण दाबलं. बीटर तळाला जेमतेम न टेकता फिरू लागला. थोड्या वेळात मिश्रण पांढरंशुभ्र, हलकं झालं. तळाला कणभर काही उरलं नाही.

टाळ्या पडल्या.

"अनुभव लागतो," बाई म्हणाल्या.

मॅडमने टाळी वाजवली नाही. ती वाकून भांड्यात बघत होती.

"स्क्रूचे अडीच फेरे," ती म्हणाली. "मी मोजले. आत डोकावला नाहीत, आधी चालवून पाहिलं नाहीत, आणि नेमके अडीच."

मॅडम सरळ उभी राहिली.

"बाई, तो स्क्रू किती ढिला केला होता, हे तुम्हाला कसं ठाऊक?"