दारात अडलेली बोलणी

अकरा वर्षांनी दोन शेजारी देशांचे परराष्ट्रमंत्री बोलणी करायला आले, आणि गाडं अडलं कुठे, तर दारात! आत आधी कोण जाणार? मागे राहील त्याच्या देशाचं नाक कापलं जाणार ना! शिष्टाचार खात्यातल्या ताईची ही पहिलीच बैठक; फिसकटली की नोकरीवर पाणी. तिने स्वतः टेप लावून दार मोजलं आणि दोघांना जोडीने आत सोडलं. मोजायची राहिली ती फक्त पोटं! दोघेही चौकटीत बुचासारखे घट्ट बसले.

“अहो, पोट आत घ्या!”

“आतच घेतलंय!”

ताई मागून ढकलायला धावली आणि थबकली. “साहेब, आधी कोणाला ढकलू?”

“कोणालाही!” दोघे एका सुरात ओरडले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही देशांचं एकमत झालं.