आधी सही कोणाची

लॅपटॉपवर पांढऱ्या दाढीचा चेहरा उमटला, तसा देवमन खुर्चीत सावरून बसला. गुडघ्याखालचा कृत्रिम पाय त्यानं टेबलाखाली सरळ केला.

"सलाम, भाईजान. मैं बशीर. बहावलनगर, पाकिस्तान से."

"नमस्ते जी. देवमन. अकोला, महाराष्ट्र."

शेजारी बसलेल्या प्रियदर्शनीनं सुटकेचा निःश्वास सोडला. देवमनची ही लेक भूसुरुंगांवर बंदी मागणाऱ्या एका संस्थेत काम करायची. ही भेट घडवायला तिनं वर्षभर खटपट केली होती. एका हिवाळ्यात दोन्ही देशांच्या फौजा सीमेवर समोरासमोर ठाकल्या, दोघांनीही आपापल्या जमिनीत सुरुंग पेरले. पुढं ते काढताना फौजेत असलेल्या देवमनचा डावा पाय गेला. पलीकडे बशीरचा उजवा. आपल्याच सुरुंगांनी.

आता दोघांनी एका निवेदनावर सही करायची होती. आमच्या देशानं दुसऱ्याची वाट न पाहता सुरुंग वापरणं कायमचं सोडून द्यावं, एवढंच त्यात होतं. जिनिव्हाच्या परिषदेत ते वाचलं जाणार होतं.

"एक बात पूछूँ?" बशीर म्हणाला. "जो उँगली रही नहीं, उसमें खुजली होती है?"

देवमन खदखदून हसला. "रोज! घरवाली मानतीच नहीं."

"मेरी भी नहीं. फिर क्या करते हैं?"

"दूसरे पाँव की वही उँगली खुजाता हूँ."

"कसम से, मैं भी!"

इतकं मोकळं देवमन कोणाशीच बोलला नव्हता, बायकोशी, सुंदराबाईशीसुद्धा नाही. आपल्या पायाचं दुखणं समजणारा माणूस त्याला आज भेटला होता. त्यानं पेन उचललं. पलीकडे बशीरनंही उचललं.

"बाल-बच्चे?" बशीरनं सहज विचारलं.

"ये बेटी. और एक बेटा. फौज में है."

"माशाअल्लाह! मेरा भी फौज में है. आपका किधर है आजकल?"

देवमनचं हसू ओठांवरच थांबलं. "पुणे में," तो म्हणाला. "दफ्तर का काम है."

प्रियदर्शनीनं चमकून बापाकडे पाहिलं. तिचा भाऊ अनुप राजस्थानच्या सीमेवर होता. कालच त्याचा फोन येऊन गेला होता.

"और आपका?" देवमननं विचारलं.

बशीरनं दाढीवरून हात फिरवला. "लाहौर में. स्टोर सँभालता है."



"चला बाबा, करा सही," प्रियदर्शनी म्हणाली.

"पहले आप कीजिए," देवमन बशीरला म्हणाला.

"नहीं, नहीं. आप बड़े हैं."

"मेहमान आप हैं."

"दोनों साथ में कीजिए ना, चाचा," प्रियदर्शनी मध्येच म्हणाली. "मैं तीन तक गिनती हूँ."

तिनं तीन म्हटलं. देवमन बशीरच्या हाताकडे बघत होता. बशीर देवमनच्या. दोन्ही पेनं कागदाच्या वर तशीच अधांतरी राहिली.

"बिटिया, फिर कभी," बशीर हळूच म्हणाला. "अल्लाह आपके बेटे को सलामत रखे, भाईजान."

"आपके भी," देवमन म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

पडदा काळा झाला.

प्रियदर्शनीनं लॅपटॉप मिटला. मग तिला राहवलं नाही. "काहून नाई केली सही, बाबा? इतका चांगला मानूस!"

"चांगलाच हाये तो. पन त्याचा पोरगा लाहोरात नाई. तो बॉर्डरवरच हाये."

"तुमाले काय मालूम? तो खोटं बोलला असं कशावरून म्हनता?"

देवमननं पेनाला टोपण लावलं.

"मी बोललो ना, माय."