हातमोजे

लेकाचे ते नाण्यांचे लाड बघून द्रौपदाबाईंच्या अंगाची लाही व्हायची. कामावरून आला की भालचंद्र पांढरे हातमोजे चढवी, शिवराई कडेनं धरून फोटो काढी आणि नाणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकी. खाली लिही, "अस्सल शिवराई, तांब्यावरचा काळा थर शाबूत, ओरखडा नाही." बोटाचा घाम लागला तरी म्हणे नाणं नासतं.

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, वनितानं, चहाचा कप नाण्यांशेजारी ठेवला. पठ्ठ्यानं आधी हातमोजा उतरवला आणि मग तिच्या कानफटात दिली.

सकाळी सुनेच्या गालावर उठलेली बोटं बघून द्रौपदाबाईंनी नाण्यांची डबी उघडली. चिंच-राखेनं सगळ्या शिवराया लखलखीत घासून ताटात मांडल्या.

"आई, वाटोळं केलंस!" भालचंद्र ओरडला. "त्या काळ्या थरालाच किंमत होती. अडाणी ती अडाणीच!"

"अडाणी आहे, आंधळी नाही. तांब्याला शिवायला तुला हातमोजे लागतात, आणि बायकोला मारताना आठवणीनं काढतोस. घे, काढ फोटो. चिंचेनं तांबं तरी उजळलं. तुला जन्मभर घासलं तरी तू उजळायचा नाहीस."