फोटोंचा पासवर्ड

तिचा नवरा साखरेच्या डब्यालाही कुलूप लावणारा. दोघांच्या लग्नाचे फोटो डिस्कवर बर्न करतानाही त्याने पासवर्ड घातला होता. आज तिची धाकटी बहीण फोटोंसाठी हटून बसली. नेमकं त्याच्या डोळ्यांत औषध घातलेलं. “सांगा, मी टाकते,” ती नवऱ्याला म्हणाली. “राहू दे, उद्या बघू.” “भावोजी, नव्या नवरीसारखे लाजता काय?” बहिणीने टोमणा मारला. मग त्याने मिटल्या डोळ्यांनी एक नाव सांगितलं. त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचं. बहिणीला अचानक खिडकीबाहेरचं बरंच काही दिसू लागलं. तिने मात्र एकेक अक्षर नीट टाकलं. “बदलून टाका हा,” ती म्हणाली. “बर्न केलेल्या डिस्कवर काही बदलता येत नाही गं,” त्याने समजूत घातली. “शिवाय पासवर्ड आपण कधीच विसरणार नाही असा ठेवायचा असतो.” पडद्यावर फोटो उघडले. प्रत्येकात ती हसत होती.