उभी किती राहते

शोरूममधल्या टायवाल्या विक्रेत्यानं गाडीचा सरकता दरवाजा उघडला, तशा वच्छलाबाई चप्पल बाहेर काढून आत शिरल्या.

“आई, चप्पल राहू दे ना,” मधुसूदन म्हणाला.

“ज्यात झोपाचं, त्यात कोणी चप्पल घालून जाते का?”

गाडी विजेवर चालणारी होती. आत दोघांपुरता पलंग, स्वयंपाकाचा ओटा, त्यावर विजेची शेगडी, कोपऱ्यात बेसिन, खाली पाण्याची टाकी. मधुसूदन वर्षभर फोनवर हिचेच व्हिडिओ बघत होता. पेंचला जाऊ, चिखलदऱ्याला जाऊ, तळ्याकाठी गाडी लावून झोपू, असं बायकोला, सोनिकाला, ऐकवत होता. सोनिकानं सांगून टाकलं होतं, की आधी आईंना विचारा, मग मला. सक्करदऱ्याच्या त्या घरात भाजी कोणती हेही वच्छलाबाईच ठरवत. नरखेडची संत्र्याची बाग त्यांच्या नावावर होती, आणि आवाजही घरात त्यांचाच मोठा होता.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पोराला चांगलंच सोलून काढलं. एवढं पक्कं घर बांधून ठेवलं, त्यात झोप येत नाही आणि रस्त्यावर झोपायला गाडी पाहिजे म्हणे. बागेत राखणीला जा म्हटलं की याला मच्छर चावतात, जंगलातले मच्छर काय ओळखीचे आहेत? मग आठवड्याभरानं त्यांनीच विषय काढला. चल, दाखव म्हणाल्या.

टायवाला सांगत होता, एका चार्जिंगमध्ये गाडी किती पळते, घाट कशी चढते. वच्छलाबाईंनी हात वर केला.

“पळू दे तिले किती पळाचं ते. उभी किती राहते?”

टायवाल्यानं मधुसूदनकडे पाहिलं.

“एका जागी लावून ठेवली, आन् पंखा, दिवा, शेगडी चालवली, तर चार्जिंग पुरन का? कोणाच्या घरून वायर न घेता?”

टपावर सोलरच्या पाट्या आहेत, टायवाला म्हणाला. नागपूरचं ऊन आहे, झाडाखाली लावली नाही म्हणजे झालं. वच्छलाबाईंनी नळ सोडून पाहिला, बंद केला. पलंगावर बसून दोन्ही हातांनी गादी दाबली. गाडीला वेग किती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

घरी आल्यावर सोनिकाला राहवलं नाही. तिची नणंद चारुशीला आठव्या महिन्यात होती. तीन वर्षांपूर्वी तिनं घरी न सांगता जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. धरमपेठेत नवरा-बायको दोघंच राहत, सासू नव्हती. मधे रक्त गेलं, तेव्हापासून डॉक्टरनं पलंग सोडू नको म्हटलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, पण आता तिला गाडीत बसवून सक्करदऱ्याला आणणंही धोक्याचं होतं. फोनवर ती सोनिकाला एकच विचारायची, आई येईल का.

“आई, गाडी राहू द्या,” सोनिका म्हणाली. “ताईंकडे जा. घर मी पाहते.”

“चार लोकांत बोलली मी. तिच्या घरचं पाणी पिणार नाही, तिच्या छताखाली झोपणार नाही. सकाळी बोलाचं आन् संध्याकाळी गिळाचं, हे तुह्या माहेरी चालत असन वं.”

“बाळ मोठं, का शब्द मोठा?”

वच्छलाबाईंनी मधुसूदनला हाक मारली आणि गाडीची ऑर्डर द्यायला सांगितलं. मात्र महिन्याच्या आत दारात आली पाहिजे आणि पहिल्या फेरीला मी येणार, नाही तर विषय संपला. मधुसूदनला हिरवी हवी होती, तिला दोन महिने लागणार होते. पांढरी तयार होती. त्यानं पांढरी घेतली.

त्यानंतर सोनिका सासूशी बोलायची बंद झाली. जेवणाचं ताट समोर ठेवायची आणि आत जायची. नणंदेला तिनं फोनवर सांगून टाकलं, की वाट पाहू नका, तुमच्या आई वाघ पाहायला चालल्यात.

चारुशीला म्हणाली, “जाऊ दे वहिनी. तिनं कुठं पाहिला वाघ कधी.”

गाडी आली. वच्छलाबाईंनी टाकी घरच्या नळानं काठोकाठ भरून घेतली. डाळ-तांदूळ ठेवले, डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला. जंगलात थंडी असते म्हणाल्या. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी फाडून त्यांनी घड्या केल्या होत्या, त्याही ठेवल्या. एवढी फडकी कशाला, मधुसूदननं विचारलं. काचा पुसाले, त्या म्हणाल्या. सोनिका दारापर्यंतही आली नाही.

रविवारी सकाळी मायलेक निघाले. मधुसूदन खुशीत होता. पेंचच्या अलीकडच्या एका तळ्याची जागा त्यानं हेरून ठेवली होती. गाडीचा आवाजच येत नाही, आई, असं तो दोनदा म्हणाला. आईनं खिडकीबाहेर पाहत मान हलवली.

“धरमपेठेतून घे,” त्या म्हणाल्या.

रस्ता उलटा पडत होता. पण काही घ्यायचं राहिलं असेल म्हणून त्यानं गाडी वळवली. बाजार आला, मागे पडला. त्या डावीकडे म्हणाल्या, मग उजवीकडे. बहिणीच्या फाटकापुढे आल्यावर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तो कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावायला लागला.

“झाडाखाली नको, उन्हात लाव,” वच्छलाबाई म्हणाल्या. लुगड्यांच्या घड्या आणि लाडवांचा डबा काखेत घेऊन त्या खाली उतरल्या, आणि गाडीच्या किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला. “तू ऑटोनं घरी जा गा. बाळंतिणीचा सव्वा महिना झाला का गाडी न्याले ये.”