शेवटची बेल

बेल वाजली आणि पाचही पोरं हातातलं टाकून दाराकडे पळाली. सहावी पायल. ती सगळ्यांच्या मागे टाचा उंच करून उभी राहिली.

"आकाशची आई आली!" भावनाने नेहमीच्या ठसक्यात पुकारा केला. आकाशने उंबऱ्यातूनच आईच्या अंगावर उडी घेतली. बाकीच्यांची तोंडं पडली. आपापली बेल वाजेपर्यंत ती पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. पायलही वळली.

अंबरनाथ पश्चिमेतल्या त्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी हा सोहळा चाले. एकेकाचं तोंड पुसायचं, पावडर लावायची, वॉटरबॅग गळ्यात अडकवायची आणि बेल वाजली की जाहीर करायचं, अमक्याची आई आली. भावनाला दिवसातला हाच भाग सगळ्यांत आवडायचा.

पाळणाघर तिने हौसेने काढलं नव्हतं. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत, ऑफिसात होती. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पायलला आठवडाभर दुसऱ्यांच्या पाळणाघरात ठेवून पाहिलं, पण भावनाचंच कामात लक्ष लागेना. त्यात पाळणाघरातली मुलं हट्टी होतात, मागे पडतात, हे ज्याला त्याला तिलाच सांगायचं होतं. मग तिने नोकरी सोडली आणि घरातच लोकांची पोरं सांभाळायला घेतली. घराला हातभार लागेल आणि आपली पोर आपल्यापाशी राहील. सासू रखमाबाई जांभूळ गावाहून आल्या की कौतुक करत, "पोर आयशीच्या नजरंखाली हाय. आनखी काय पायजे?" भावनाही हे चारचौघींत मोठ्या अभिमानाने सांगायची.

अडचण एकच आली. पायलने 'आई' अशी हाक मारली की बाकीच्यांना आपापली आई आठवायची. एकाने भोकाड पसरलं की पाचही जण सूर धरत. म्हणून भावनाने लेकीला पढवलं, "सगळे असेपर्यंत मला मावशी म्हणायचं हं." साडेतीन वर्षांची चुणचुणीत पोर, लगेच शिकली. मांडीवरही तिचा नंबर शेवटी लागायचा. लोकांनी विश्वासाने सोपवलेली पोरं, त्यांना आधी घ्यायला नको? पायलचं काय, तिची आई दिवसभर आहेच की घरात.

पण अलीकडे पायल रविवारीसुद्धा "मावशी, पाणी" म्हणायची. भावनाचा नवरा मिलिंद पोट धरून हसायचा. भावनाला मात्र ते लागायचं. "अगं, आई म्हण," ती दटावायची. पायल तिच्याकडे नुसती बघत राहायची. आपल्या हातून काहीतरी निसटतंय हे भावनाला कळत होतं. काय, ते सापडत नव्हतं.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी हरेशची आई आली. उल्हासनगरची सिंधीण, घाईघाईने जिना चढून धापा टाकत होती. "सॉरी हां भावना, आज साहेबने छोडाच नाही." हरेश तिच्या गळ्यात पडला. मायलेक जिना उतरली आणि पाठोपाठ लाइटही गेली. भारनियमनाचे दिवस होते, कोणाला नवल वाटत नसे. भावनाने खिडकी सताड उघडली, ठोकळे डब्यात भरले आणि मागे वळली.

पायल दारापाशी उभी होती. तोंडावर पावडरीचा थर. बूट उलट्या पायांत. खांद्याला भावनाची ऑफिसची जुनी पर्स, जमिनीला टेकलेली. आतून बाहुलीचं डोकं बाहेर आलं होतं.

"कुठे निघाली स्वारी?"

"घरी," पायल म्हणाली. "मावशी, माझी आई कधी येणार? सगळ्यांच्या आल्या."

भावनाला हसू फुटलं. "वेडाबाई, मीच तर तुझी आई!"

पायलने नाही म्हणून मान हलवली. रडणाऱ्या हरेशला भावना समजवायची, अगदी तशीच ती शांतपणे समजावू लागली. "तू मावशी. आई बेल वाजवते."

भावना तिच्यासमोर खाली बसली. दिवसभर डोळ्यांसमोर असलेली पोर दिवसभर कोणाची तरी वाट बघत होती. दर बेलला तिच्या टाचा उंच व्हायच्या, ते भावनाने रोज पाहिलं होतं आणि मजेत हसण्यावारी नेलं होतं. पोरीला जवळ ओढून घ्यावं असं फार वाटलं. पण मावशीने जवळ घेऊन काय उपयोग?

ती उठली. केस सारखे केले, गाऊनवरची ओढणी नीट घेतली, चपला पायांत सरकवल्या. "इथेच थांब हं. येतेच आहे तुझी आई." बाहेर जाऊन तिने दार नुसतं लोटून घेतलं आणि बेल दाबली.

बेल वाजली नाही. लाइट गेल्याचं ती विसरलीच होती. मग दाराच्या फटीला तोंड लावून मोठ्याने म्हणाली, "टिंग टाँग!"

समोरच्या तुळशीबाईंनी डोकं बाहेर काढलं. "काय गं, चावी आत राहिली काय?"

"नाही हो," भावना डोळे पुसत म्हणाली. "लेकीला न्यायला आलेय."

भावनाने पुन्हा फटीला तोंड लावलं. "टिंग टाँग!"

आत बूट फरपटल्याचा आवाज आला. दार हळूहळू उघडलं. पायलने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पायांतल्या चपला पाहिल्या. मग ती मागे वळली आणि रिकाम्या खोलीकडे बघून, थेट भावनाच्या ठसक्यात, तिने सगळ्या घराला पुकारून सांगितलं,

"पायलची आई आली!"