साहेबाच्या कानातलं

साहेब फसवा आहे. तोंडावर हो म्हणतो आणि पाठीमागून फाटक लावतो.

बयाबाई हे विंझरच्या मोबाईलच्या दुकानात उभी राहून म्हणत होती, तेही खड्या आवाजात. दुकानदार हनुमंत तिला हातानं खुणावत होता, हळू बोला म्हणून. तालुक्याच्या कचेरीतली माणसं येता-जाता त्याच्या दुकानात टेकत. त्याला धंदा करायचा होता.

"आत्या, ऱ्हाऊ द्या आता," सून धनश्री म्हणाली. ती इअरफोन घ्यायला आली होती. नवरा टेम्पोवर पुण्यात. शेरडांमागं हिंडताना त्याच्याशी बोलायचं तर हात मोकळे हवेत. वायरचा आधीचा इअरफोन एका करडानं चघळून टाकला होता, म्हणून तिला आता बिनवायरचा हवा होता. बयाबाईला तो पटत नव्हता. एवढासा खडा, उतारावर गवतात पडला तर हुडकणार कोण? पण तिचं खरं ध्यान इअरफोनात नव्हतंच.

त्यांच्या वस्तीचा झरा तोरण्याच्या पोटाला. तिथं जायची वाट बापजाद्यांपासूनची. वाटेवरची जमीन कुणा बाहेरच्यानं बंगल्यासाठी घेतली आणि वाटेसकट सगळ्याला कुंपण घालायचं ठरवलं. वस्तीनंही ठरवलं, खांब रोवायला आले की आडवं बसायचं. पण आधी कचेरीत जाऊन सांगून बघावं. बयाबाईचं तोंड चालतं, म्हणून तिलाच धाडलं.

साहेब खुर्चीत रेलून बसला होता. त्याच्या एका कानात पांढरं काहीतरी होतं. बयाबाईला त्याची कणव आली. एवढ्या तरण्या वयात ऐकायचं मशीन लागतंय बिचाऱ्याला! म्हणून ती ओरडून बोलली. झरा सांगितला, वाट सांगितली, नीट पोचलं नसेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साहेब तिच्याकडं बघत मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "काही काळजी करू नका. तुमचं काम झालं समजा."

तिनं हात जोडले. वस्तीवर येऊन सांगितलं, आडवं बसायची गरज नाही, साहेबानं शब्द दिलाय. माणसं निर्धास्तपणे शेरडं घेऊन रानात गेली. त्याच आठवड्यात खांब रोवले, जाळी ठोकली आणि फाटकाला कुलूप पडलं.

तेव्हापासून वस्ती तिच्याकडं निराळ्याच नजरेनं बघू लागली. दीर रायबानं तर चारचौघांत विचारलं, "वैनी, सायेब हो म्हनला म्हनता, मग फाटक लागलं कसं? का तिथनं काय घिऊन आला?" बयाबाईनं त्याला तिथंच शिवी हासडली. पण शिवीनं संशय धुऊन जात नाही. आता पाणी लांबच्या ओढ्यावरनं आणायचं, आणि भरलेला हंडा डोक्यावर चढवायला एकसुद्धा बाई तिच्यासाठी थांबत नव्हती.

"हे बघा मावशी, मशीन कसं हाय," हनुमंतानं स्वतःच्या वापरातली डबी उघडली. त्यातला एक इअरफोन त्यानं स्वतःच्या कानात बसवला. मग सरळ बयाबाईच्या तोंडाकडं बघत हसला. "या की मग! आज जेवायलाच या."

"नगं रं बाबा," बयाबाई म्हणाली. "भाकरी बांधून आनलीया आमी."

हनुमंत खो-खो हसला. "तुमाला न्हाई ओ मावशी! मेव्हण्याचा फोन आलाय."

धनश्रीही तोंडाला पदर लावून हसली. बयाबाई हसली नाही. ती हनुमंताच्या कानाकडं टक लावून बघत राहिली. मग हात लांब करून तिनं ती पांढरी वस्तू उपटली आणि तळहातावर धरली.

"ह्यातनं मानूस बोलतं?"

"व्हय."

"आन समोरच्याला कळत न्हाई, कुनासंगं चाललंय ते?"

"अजाबात न्हाई. तीच तर मजा हाय!"

बयाबाईनं ती वस्तू काचेवर ठेवली. विंचू खाली टाकावा तशी. "वायरचा दे."

"आवो आत्या, करडं खात्याती की!"

"तुला न्हाई गं. तुला पायजे तो घे."

येष्टीनं ती कचेरीत गेली. शिपाई आडवा आला. तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. साहेब त्याच खुर्चीत, तसाच रेललेला, आणि कानात तेच पांढरं. तिला बघून त्यानं मान हलवली. जशी तेव्हा हलवली होती तशीच.

या वेळी बयाबाई ओरडली नाही. तिनं वायरचा इअरफोन टेबलावर ठेवला आणि वायर त्याच्यासमोर नीट लांब करून पसरली.

"हितनं पुढं ह्यो घालत जावा, सायेब. म्हंजी आमाला कळंल, कवा बोलायचं आन कवा गप ऱ्हायचं."

साहेबाचा हात नकळत कानाकडं गेला.

"तुमी बहिरं न्हाई. म्याच येडी, घसा फोडून वरडत हुते." ती टेबलावर वाकली. "माझ्या तोंडाकडं बघून म्हनला, काम झालं समजा. काम झालं बी. आता वस्तीला जाऊन मला उत्तर द्याचंय, म्हनून इचारते. तवा फोनवर कोन हुतं?"